शेण, युरिया आणि तेल खाणारे जिवाणू

1974 चा जलप्रदूषण कायदा आला नसता, तर आमच्या कुंभवलीच्या पोरांना ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांच्या ऑपरेटरची नोकरी कुठून मिळणार होती? कायद्यामुळे कारखानदारांना सांडपाण्याच्या टाक्या बांधाव्या लागल्या आणि टाकीतले जिवाणू पोसायला माणूस ठेवावा लागला. तारापूर एमआयडीसीत मी तेच केलं.

नव्या टाकीला शेणकाला आणि गूळ. पुढं युरिया, डीएपी. (हल्ली कल्चरच्या महागड्या पुड्या येतात, शेणानंही भागायचं.) लिटरभर गाळ काचेच्या उभ्या नळीत अर्धा तास बसू द्यायचा. तपकिरी, मातीच्या वासाचा असला की निर्धास्त; काळा, कुजका झाला की हवा सोडणाऱ्या ब्लोअरकडे धावायचं. तेल मात्र ऑइल ट्रॅपमध्येच अडवायचं, ते गाळावर पसरलं तर जिवाणू गुदमरतात. आणि पौषातली थंडी आली की जिवाणूंचा सगळा कारभार मंदावायचा.

म्हणून अंटार्क्टिकाचं वाचलं तेव्हा चक्रावलोच. तिथल्या रॉस समुद्रातला ओलिस्पिरा अंटार्क्टिका हा जिवाणू, 2003 साली नोंदवलेला, 2 ते 4 अंशांतच सर्वांत जोमानं वाढतो, आणि खातो काय, तर तेल! 2010 साली मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर फुटली, तेव्हाही हजार मीटर खोल, 5 अंशांच्या पाण्यात त्याचेच भाऊबंद तेलावर तुटून पडले होते. त्याआधी, 1989 मध्ये, अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाजाचं तेल किनाऱ्यावर आलं. तिथं शास्त्रज्ञांनी जिवाणू बाहेरून आणण्यावर भर दिला नाही. दगडगोट्यांवर नत्र-स्फुरदाचं खत मारलं. आमचं युरिया-डीएपीच की!

मे 2021 मध्ये तौक्ते वादळात आमच्या किनाऱ्यावरच्या वडराईजवळ बार्ज खडकांत अडकला. तेलाच्या धास्तीनं तिथला मच्छीमार मांगेला समाजातला एक पोऱ्या मला म्हणाला, "काका, तुमच्या टाकीतला गाळ ओता ना दर्यात."

"अरे, तो गोड्या पाण्यातला. खाऱ्यात टिकायचा नाही. दर्यात त्याचे स्वतःचे जिवाणू आहेत, आणि आपला दर्या उबदार, म्हणजे कामही चटचट."

"मग पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबरगोळे का येतात?"

पोरगं हुशार. हलकं तेल उडून जातं, उरलेल्यातलं बरंच जिवाणू फस्त करतात. जड डांबर मात्र त्यांनाही लवकर पचत नाही. तेच गोळे होऊन लाटांबरोबर येतं, आणि जाळ्याला लागलं की रॉकेलची चिंधी घेऊन बसावं लागतं.