पिएर लार्के : ओळखीचा चेहरा आणि निनावी पत्रं

जुना फ्रेंच सिनेमा म्हटलं की आपल्याला नावं आठवतात ती ज्यां गाबँची, फार तर लुई जुव्हेची. आज मी बोलणार आहे तो नट श्रेयनामावलीत बहुतेकदा खालच्या बाजूला असायचा. पिएर लार्के. जन्म १८८४, बोर्दोजवळच्या सेनाक गावी. नाटकातून आलेला माणूस. बोलपट आले तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेली, म्हणजे नायक व्हायचा प्रश्नच नव्हता. चश्मा, गोल चेहरा, जरा बावरलेले डोळे. १९३३च्या ‘तोपाझ’मध्ये तो नायकाचा मित्र तामिझ झाला, गरीब, सरळमार्गी शाळामास्तर. १९५१मध्ये पान्योलनं ‘तोपाझ’ पुन्हा केला तेव्हाही तामिझ लार्केच! अठरा वर्षांनी तोच मास्तर. प्रेक्षकांचा त्याच्या चांगुलपणावर किती विश्वास होता बघा.

आता १९४० साली या. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात. त्यांनी तिथे ‘कॉन्तिनांताल’ नावाची चित्रपट कंपनी काढली. पैसा आणि मालकी जर्मन. नट, लेखक, दिग्दर्शक मात्र फ्रेंच. आंरी-जॉर्ज क्लुझो इथेच दिग्दर्शक झाला. त्याचा पहिला मोठा चित्रपट १९४२चा, ‘एकवीस नंबरात खुनी राहतो’. एका खानावळवजा घरात खुनी आहे एवढंच पोलिसांना ठाऊक, आणि तिथल्या भाडेकऱ्यांत एक लार्के, खेळणी बनवणारा म्हातारा. बाहुल्या करतो, पण त्यांना चेहरा नसतो. पुढचं सांगत नाही, चित्रपट बघा.

पण खरा विषय आहे १९४३चा ‘ल कॉर्बो’, म्हणजे डोमकावळा. इथे मात्र शेवट सांगावा लागेल, कारण माझा सगळा मुद्दा त्या शेवटावर उभा आहे.

मूळ घटना पहिल्या महायुद्धाच्या काळातली. फ्रान्समधल्या तुल या गावी १९१७पासून चार-पाच वर्षं निनावी पत्रं येत राहिली. कोणाचं कोणाशी काय चाललंय, ते सगळं त्यात. शेवटी संशयितांना एकत्र बसवून शुद्धलेखन घालतात तसा मजकूर लिहायला लावला आणि हस्ताक्षर पकडलं. लुई शाव्हांसनं यावरून पटकथा रचली ती युद्धाच्या आधीच. ती पडद्यावर आली तेव्हा मात्र देशभर लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांविरुद्ध जर्मनांना आणि व्हिशी सरकारच्या पोलिसांना निनावी पत्रं पाठवत होते. त्या पत्रांवर माणसं उचलली जात होती.

चित्रपटात लार्के आहे डॉक्टर व्होर्झे. मिस्कील, म्हातारा मनोविकारतज्ज्ञ, बायको तरुण. संशयितांना मजकूर सांगतो तो हाच, आणि पत्रं लिहिणाराही हाच! एका प्रसंगात तो लोंबत्या दिव्याला झोका देतो. खोलीभर उजेड-अंधार हलायला लागतो आणि तो तरुण डॉक्टरला विचारतो, की चांगलं कुठे संपतं, वाईट कुठे सुरू होतं? डॉक्टर, म्हणजे पिएर फ्रेने, दिवा धरून थांबवायला जातो, आणि हात भाजतो.

हे एखाद्या ठरावीक खलनायकी नटाला दिलं असतं तर प्रेक्षक निवांत घरी गेले असते. दहा वर्षं ज्याच्यावर माया केली, त्या आजोबांच्या हातात लेखणी निघाली, हे झोंबलं. चोरून छापल्या जाणाऱ्या एका प्रतिकारवादी पत्रानं चित्रपट फ्रेंच जनतेची बदनामी करतो म्हणून झोडपला. मुक्तीनंतर त्यावर बंदी आली. फ्रेनेला काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. क्लुझोला चित्रपट करायला मनाई झाली, सुरुवातीला तर जन्मभरासाठी. सार्त्र, कॉक्तो वगैरे मंडळी त्याच्या बाजूनं उभी राहिली, शिक्षा कमी झाली. कॉन्तिनांतालच्या पगारावर काम केलं हा आक्षेप खराच आहे, तो पुसून टाकायचं कारण नाही. पण बदनामीचा आरोप मला पटत नाही. पत्रं तर खरोखरच लिहिली जात होती.

क्लुझो परतला १९४७मध्ये, ‘के दे ऑर्फेव्र’ घेऊन. खुनाचा तपास, इन्स्पेक्टर लुई जुव्हे. आणि लार्के? टॅक्सी ड्रायव्हर. खुनाच्या रात्री त्याच्या गाडीत एक बाई बसली होती. पोलीस त्याला चौकीत आणतात, ओळख पटवायला सांगतात. त्याची इच्छा नसते, तो टाळत राहतो. पोलीस त्याच्या पोटावर पाय द्यायची भाषा करतात. मग नाइलाजानं तो तिला ओळखतो. आणि ओळखल्यावर तिची माफी मागतो.

प्रसंग लहानसा आहे, कथानकात त्यानं एक दुवा जुळतो इतकंच. पण चार वर्षांपूर्वी ज्या चेहऱ्यानं गावभर चुगल्या केल्या, त्याच चेहऱ्याला क्लुझोनं इथे बोट दाखवायची लाज दिली. १९४७च्या थिएटरात बसलेल्यांपैकी काहींनी तशी पत्रं लिहिली असतील, काहींच्या घरी ती आली असतील. लार्के मान खाली घालून त्या बाईशी बोलतो, आणि जुव्हे तपासाचं पुढचं काम हातात घेतो.