भरलेले पट्टे, रिकाम्या जागा

तांब्यातून वीज वाहते, हिऱ्यातून नाही. इलेक्ट्रॉन तर दोन्हींत आहेत. मग फरक कशाचा?

1897मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. तीनच वर्षांत पॉल ड्रूडने मांडलं, की धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन वायूच्या कणांसारखे भटकतात. ओहमचा नियम त्यातून निघाला. पण मग धातू तापवायला प्रत्यक्षात लागते त्याहून बरीच जास्त उष्णता लागायला हवी होती.

1925मध्ये पाउलीने सांगितलं, एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन राहू शकतो. त्यावरून सोमरफेल्डने दाखवलं, की आसपासच्या जागा भरलेल्या असल्याने बहुतेक इलेक्ट्रॉन उष्णता घेऊच शकत नाहीत. 1928मध्ये फेलिक्स ब्लॉखने सिद्ध केलं, की अणूंच्या नियमित रांगांमधून इलेक्ट्रॉन लाटेसारखा निर्वेध जातो. मग सगळेच पदार्थ वाहक का नाहीत?

उत्तर 1931मध्ये अ‍ॅलन विल्सनने दिलं. घन पदार्थात ऊर्जापातळ्यांचे पट्टे बनतात. सोडियमचा वरचा पट्टा अर्धाच भरलेला, म्हणून हालचालीला वाव. हिऱ्याचा पूर्ण भरलेला, आणि पुढचा रिकामा पट्टा फार दूर. दरी लहान असली तर तो अर्धवाहक; चिमूटभर भेसळीनेही त्याची वाहकता पालटते.

या भेसळीमुळेच त्यांचं मोजमाप बेभरवशाचं होई. त्याच वर्षी पाउलीने पायर्ल्सला पत्रातून अर्धवाहकांच्या नादी न लागण्याचा सल्ला दिला. 1947च्या डिसेंबरात बेल लॅब्समध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला, तो जर्मेनियम या अर्धवाहकाच्याच तुकड्यावर.