लपवण्याची सवय



आमच्या भंडाऱ्यात पानठेल्यावर खर्रा घोटून घेणारे रोज दिसतात. पण आज मी लिहिते आहे ते व्यसनी माणसाच्या घरातल्या बाईच्या सवयीबद्दल. "आमच्याकडे तसं काही नाही" असं सांगत राहण्याची सवय. त्यासाठी पुण्याचा थोडा इतिहास सांगते.

१९८० नंतरच्या काळात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, मुंबई-पुण्याच्या तरुणांत पसरली. लेखक डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढे केला. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झाले.

तिथे व्यसनी माणसाला पापी न मानता आजारी मानले गेले. आणि उपचार फक्त त्याच्यापुरते ठेवले नाहीत. पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट झाला. कारण या बायकाही आतून थकलेल्या असतात. नवरा कामावर गेला नाही तर "ताप आहे" असं कळवायचं, त्याची उधारी फेडायची, मुलांना गप्प बसवायचं. यात तिची झोप जाते, मन खचते. शिवाय परिणाम तीच झेलत राहिल्यामुळे त्याला व्यसनाची झळ लागतच नाही.

मी कॉमर्सची, म्हणून हिशेब आधी सुचतो. व्यसनावर गेलेला पैसा वहीत दिसतो. रात्रीची धास्ती कुठल्याच वहीत चढत नाही.

आपल्याकडे सप्तव्यसनांचा त्याग लहानपणापासून शिकवतात. म्हणूनच घरात व्यसन शिरले की लाज दुप्पट वाटते आणि आपण जास्तच लपवतो. पण त्यागाचा नियम ज्याचा त्याने घ्यायचा असतो. दुसऱ्याच्या वाट्याचा नियम आपण पाळू शकत नाही. आपल्या हातात आपली सवय आहे.

त्याच्यासाठी खोटं बोलणं थांबवा. बहीण, जाऊ, मैत्रीण, कुणा एकीला खरं सांगा. घरात कुणाला सांगता येत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो सुधारेपर्यंत स्वतःसाठी मदत मागायचं थांबू नका.