मोजक्यांना विचारलं म्हणून

१९४९ साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष होते प्रशांतचंद्र महालनोबिस, आणि सदस्यांत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. ग्रामीण भागात लोक काय पिकवतात, काय खातात, कशावर खर्च करतात, याची भरवशाची माहिती हाताशी नव्हती. त्या गरजेतून १९५०च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी सुरू झाली. देशातल्या लाखो खेड्यांतून १,८३३ खेडी निवडली गेली. त्यांतल्या काहींचं काम गोखले संस्थेने केलं. पैसा आणि माणसं कमी होती म्हणून नमुना घेतला, असं सहसा सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण माझ्या मते या पद्धतीचा त्याहून मोठा गुण वेगळा आहे: तिने उत्तर देणाऱ्याच्या वेळेची किंमत ओळखली. घरचं धान्य किती, विकतचं किती, उधारी किती, हे सारं प्रत्येक घराला विचारायचं ठरवलं, तर एकतर प्रश्न छाटावे लागतात किंवा कंटाळलेला माणूस अंदाजाने आकडे सांगून मोकळा होतो.

प्रौढांच्या शिक्षणाबाबत तर हे फारच लागू पडतं. जनगणनेत सात वर्षांवरच्या प्रत्येकाविषयी साक्षरतेचा प्रश्न असतो, पण वाचून घेऊन खात्री केली जात नाही. घरातल्या कुणीतरी ‘येतं’ म्हटलं की नोंद होते. वर्गात शिकलेली अक्षरं काही वर्षांनी टिकली का, हे समजायला माणसासमोर निवांत बसावं लागतं, आणि तेवढा वेळ मोजक्यांकडूनच मागता येतो.

यावर आक्षेप असा, की नमुन्यात कातकऱ्यांसारख्या लहान समाजाची वाडी सुटून जाते. आक्षेप रास्त आहे. पण लहान गटातून मुद्दाम जास्त घरं निवडून हिशेबात त्यांचा भार त्या प्रमाणात कमी धरता येतो. तो मार्ग संख्याशास्त्राला केव्हाच ठाऊक आहे. खरा धोका दुसरीकडे आहे. ओझं कमी करायला नमुन्याऐवजी वयाचीच कात्री लावली जाते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८मधल्या पंचाहत्तराव्या फेरीत शिक्षण चालू आहे का, हे तपशिलाने विचारलं ते ३ ते ३५ वयाच्यांनाच. नमुन्यात निवड न झालेल्या माणसाला निदान निवडलं जाण्याची संधी असते, आणि त्याच्यासारखा दुसरा कुणी त्याच्या वतीने बोलतो. पन्नाशीत पाटी धरणाऱ्या बाईला मात्र या प्रश्नांपुरती ती संधीच नव्हती. पस्तिशीपुढच्या दर दहा-वीस जणांमागे एकाला जरी तेच प्रश्न विचारले असते, तरी पाहणीचं ओझं फारसं वाढलं नसतं.