पर्पेतुआच्या कोठडीत

शिपायाच्या हातावर पैसे ठेवल्याशिवाय आत सोडत नाहीत. तुम्हीही ठेवा. साल इसवी सन २०३, शहर कार्थेज. आजच्या ट्युनिसला लागूनच त्याचे अवशेष आहेत. आत गेलात की आधी काळोख, मग माणसांच्या गर्दीचा उकाडा. डोळे सरावले की बाळाला पाजायला घेतलेली एक तरुणी दिसेल. विबिया पर्पेतुआ, वय बावीसच्या आसपास, खानदानी घरची, शिकलेली. नवरा कुठे आहे ते विचारू नका. तिने त्याच्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

आणि ती लिहिते, म्हणून तर तुम्ही इथे आलात. ख्रिस्ती स्त्रीच्या हातचं इतकं जुनं लिखाण जवळजवळ नाहीच. बाप्तिस्म्याची तयारी चालू असताना पकडली गेली, पहाऱ्यातच बाप्तिस्मा घेतला. टिपणांत स्वप्नं आहेत: आकाशाला भिडलेली पितळी शिडी, तिच्या दोन्ही बाजूंना तलवारी आणि आकडे, पायथ्याशी अजगर. पण मला जास्त खरं वाटतं ते दुधाचं. खटल्यानंतर वडिलांनी बाळ परत पाठवलं नाही. त्यानंतर बाळानेही अंगावरचं दूध मागितलं नाही आणि हिच्या छातीत गाठी धरल्या नाहीत, हे तिने मुद्दाम नोंदवून ठेवलंय. असा तपशील रचून सुचत नाही.

त्या खटल्याला चला. चौकात तोबा गर्दी. न्यायासनावर रोमन अधिकारी हिलारियानुस, सम्राटांच्या कल्याणासाठी आहुती दे, एवढंच त्याचं मागणं. ती नाही म्हणते. पांढऱ्या केसांचे वडील नातवाला कडेवर घेऊन तिला पायरीवरून मागे ओढताहेत, लेकरासाठी तरी ऐक म्हणताहेत. हिलारियानुस त्यांना खाली पाडून छडीने मारायला लावतो. तुम्हाला बापाचा कळवळा येईल. तिलाही आला, फटका आपल्यालाच बसल्यासारखा. पण शब्द फिरवला नाही. शिक्षा ठरते: तिच्यासकट पकडलेल्या सगळ्या ख्रिस्ती सोबत्यांना रिंगणातल्या खेळांत जनावरांपुढे टाकायचं.

त्या सगळ्यांत फेलिसितास नावाची गुलाम मुलगी आहे, आठवा महिना लागलेली. ती पर्पेतुआची दासी असं पुढे लोक सांगू लागले. मूळ मजकुरात तसं नाही. गरोदर बाईला मारायला कायदा आडवा येतो, म्हणून सोबत्यांना गाठता येणार नाही याचंच तिला दुःख. खेळाच्या दोन-तीन दिवस आधी कळा सुरू होतात. आत्ताच एवढी विव्हळतेस, जनावरांपुढे काय करशील, असं पहारेकरी खिजवतो. मुलगी होते. ती एक बहीण घेऊन जाते, पोटच्या पोरीसारखी वाढवते.

पर्पेतुआचं लिखाण खेळाच्या आदल्या दिवशी थांबतं. उद्याचं कोणाला लिहायचं असेल तर त्याने लिहावं, असं म्हणून तिने बोरू खाली ठेवला. पुढचं दुसऱ्याच कोणाच्या हातचं आहे.

७ मार्च. सम्राटपुत्र गेटाच्या वाढदिवसाचे खेळ. दारातच तिची हुज्जत चालते: स्त्रियांना सेरेस देवीच्या पुजारणींचा वेश चढवायचा आहे, आणि ती ऐकत नाही. अधिकाऱ्याला माघार घ्यावी लागते. आत दोघींना जाळ्यात गुंडाळून आणतात. नाजूक तरुणी, आणि शेजारी नुकतीच बाळंत झालेली, जिच्या छातीतून दूध गळतंय. हे पाहून रक्त बघायला आलेली गर्दीही शहारते. दोघींना परत नेऊन सैल अंगरखे घालतात. मग पिसाळलेली गाय. गाय पर्पेतुआला उचलून आपटते. ती उठून बसते, फाटलेला अंगरखा मांडीवर ओढते आणि केसांचा आकडा मागते. मोकळे केस सुतकाचे. आजच्या दिवशी ते नकोत. मग पडलेल्या फेलिसितासला हात देऊन उभी करते. शेवटी तलवार घेऊन येणारा पोरगा नवशिका. त्याचा पहिला वार हाडावर बसतो, दुसऱ्या वेळी त्याचा थरथरता हात तीच गळ्यापाशी नेते.

आता दोनशे वर्षं पुढे या. कार्थेजच्याच बॅसिलिकात दोघींची कबर, दरवर्षी सण, आणि उपासनेत त्यांची कहाणी मोठ्याने वाचली जाते. त्यांच्या सणाला बिशप ऑगस्टीन प्रवचन देतोय. या बाया असूनही त्यांचं धैर्य पुरुषी, असा त्याचा सूर. मला तो खटकतो. दूध आणि केसांचा आकडा त्या सुरात कुठे बसतात?

सहाव्या शतकातलं, इटलीतलं रावेन्ना तर अजून गुळगुळीत. सांत आपोलिनारे नुओवो चर्चच्या भिंतीवर मोझेइकमध्ये सोनेरी वस्त्रांतल्या संत स्त्रियांची रांग आहे, हातात मुकुट. त्यात या दोघी एकापाठोपाठ आहेत, आणि गुलाम कोण, खानदानी कोण, हे कपड्यांवरून ओळखूच येत नाही. हे मात्र मला आवडलं.

आज वसईच्या एखाद्या चर्चमध्ये मराठी मिस्सात धर्मगुरूंनी जुनी रोमन प्रार्थना निवडून संतांची यादी न गाळता वाचली, तर नीट ऐका. तिथे गुलाम मुलीचं नाव आधी येतं, पर्पेतुआचं तिच्यानंतर, आणि मग आगाथा, ल्युसी, आग्नेस.