काळीला चारलेली राख

गेल्या पावसाळ्यात आमच्या धामणगावच्या घराची मागची भिंत पाडावी लागली. फुटलेल्या विटांच्या पोटात कोळशाचे काळे ठिपके होते. गवंडी म्हणाला, ‘‘चाचा, ही इंजिनाच्या राखीची इट हाय.’’ अब्बांचे बोट धरून पाहिलेली भट्टी मला आठवली.

वाफेच्या इंजिनांच्या काळात स्टेशनाजवळ आणि जिनिंगच्या बॉयलरमागे राखेचे ढीग पडत. बाया त्यातून अर्धवट जळालेला कोळसा वेचत. उरलेली राख भट्टीवाला टोपल्यांनी नेई. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘बाबू, काई माती एकटी घेतली त इट फाटते. तिले राख चारा लागते.’’

वऱ्हाडची काळी पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. चैत्रात शेतात पडतात त्याच भेगा कच्च्या विटेलाही पडतात. राखेचे कण आकसत नाहीत, म्हणून भेग आवरते. शिवाय राखेत उरलेला कोळसा विटेच्या आतच पेटतो, तेवढे जळण वाचते. राख जास्त झाली, तर मात्र वीट ठिसूळ.

कारखान्याची राख नवी, पण टाकाऊ वस्तू मातीत कालवण्याची रीत जुनीच. मराठवाड्यात तेरला भाताचे तूस घालून भाजलेल्या प्राचीन विटा पाण्यावर तरंगतात. तूस जळून गेले, पोकळ्या राहिल्या. आपल्या गावांच्या पांढरीत तरी काय असते? पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राखच की!

सरकारला ही राख दिसली ती औष्णिक वीज केंद्रांमुळे. राख मिसळलेल्या भाजक्या विटांचे भारतीय मानक 1993 साली आले. सप्टेंबर 1999च्या केंद्रीय अधिसूचनेने वीज केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत मातीच्या विटांत वजनाने किमान 25 टक्के राख सक्तीची केली. 2003 साली हे अंतर 100 किलोमीटर झाले. गंमत अशी, की पारस आणि कोराडी दोन्ही आमच्यापासून शंभराच्या बाहेर! इंजिने गेली, बॉयलर थंडावले आणि ज्या मातीला राखेची सर्वांत जास्त गरज, तिच्यापर्यंत कायद्याची राख पोचलीच नाही. राख फुकट असली, तरी ट्रकचे भाडे फुकट नव्हते. ते वीज केंद्राने सोसावे, निदान शंभर किलोमीटरपर्यंत तरी, हे कागदावर यायला 2016 उजाडले. तोवर अमरावतीजवळ नांदगावपेठला वीजनिर्मिती सुरू झाली होती. धामणगावहून ते केंद्र जवळ.

हिशेब साधा आहे. एक वीट तीन किलोची धरली, तर लाख विटांना तीनशे टन माल लागतो. चौथा हिस्सा राख घातली, की पंच्याहत्तर टन माती शेतातच राहते.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने मुलीच्या लग्नासाठी दोन एकरांतली वरची माती भट्टीला दिली. वीतभरच काढू, असे ठरले होते. निघाली कमरेएवढी. तिथे आता श्रावणात पाणी साचते आणि पऱ्हाटी पिवळी पडते. भट्टीवाल्याला मी म्हटले, राख का नाही मिसळत? तो म्हणाला, ‘‘माती स्वस्त पडते, चाचा.’’

आमच्या पाडलेल्या भिंतीतल्या शाबूत विटा मी वेगळ्या रचून ठेवल्या आहेत. नव्या भिंतीचा पाया त्यांचाच घालायचा, असे गवंड्याला सांगितले आहे.