पांडवलेण्यांचा एक विरळा स्फटिक

आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाविषयीं आपणांस अभिमान फार, पण माहिती थोडी. त्यांत किल्ले कोणीं बांधले, लेणीं कोणीं कोरलीं, हें शाळेंतलें मूलही सांगेल. त्या दगडाच्या पोटांत काय दडलें आहे हें मात्र विचारूं नये. आम्हीं ज्या खनिजाची हकीकत येथें सांगणार आहों, त्याचें नांव गूसक्रीकाइट. हें नांव अमेरिकेंतल्या एका ओढ्यावरून पडलें. आणि तरीही त्याचे जगांतले उत्तमोत्तम स्फटिक नाशिकच्या पांडवलेण्यांच्या डोंगराच्या नांवानें ओळखले जातात. हें कसें घडलें याचा इतिहास मनोरंजक आहे, आणि थोडा बोचणाराही आहे.

सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. प्रत्येक थर निवतांना त्यांत वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढें त्या खडकांतून ऊन पाणी झिरपूं लागलें. त्यानें खडकांतला चुना, ॲल्युमिनियम व सिलिका विरघळवून घेतली आणि जेथें जागा मिळाली तेथें स्फटिकरूपानें ठेवून दिली. या स्फटिकांतला मोठा वर्ग झिओलाइटांचा. हें नांव १७५६ सालीं स्वीडनच्या क्रोनस्टेटनें दिलें. फुंकनळीच्या ज्योतींत धरतांच दगड उकळल्यासारखा फुगतो व वाफ सोडतो, हें पाहून त्यानें ग्रीक शब्दांची जोड करून त्यास ‘उकळता दगड’ म्हटलें. झिओलाइटाच्या रचनेंत सूक्ष्म दालनें असतात व त्यांत पाणी राहतें. उष्णता लागली कीं तें निघून जातें, घर मात्र बहुधा उभेंच राहतें.

गूसक्रीकाइट याच कुळांतला. कॅल्शियमचा एक अणु, ॲल्युमिनियमचे दोन, सिलिकॉनचे सहा, ऑक्सिजनचे सोळा आणि पाण्याचे पांच रेणु, अशी त्याची घटना आहे. रंग नाहींच, असलाच तर पांढरा. चमक काचेसारखी, पण फुटलेल्या पातळीवर मोत्यासारखी. कठिनता साडेचार, म्हणजे चाकूनें ओरखडा उमटेल इतकी. वजन पाण्याच्या सव्वादोनपटींहून किंचित् कमी. स्फटिक एकनत समुदायाचे. नाशिकच्या स्फटिकांच्या बाजू सरळ नसून बहुधा वांकलेल्या, गोलट असतात. त्यामुळें नवख्याला ते झिजलेले वाटतात.

येथें वाचक विचारील कीं एवढ्यानें हा निराळा कसा ठरतो? प्रश्न रास्त आहे. जपानांत युगावारा येथील उन्हाळ्यांजवळ सांपडलेला युगावारालाइट, ज्याचें वर्णन १९५२ सालीं झालें, त्यांतही कॅल्शियम, ॲल्युमिनियम व सिलिकॉन याच प्रमाणांत असतात, फक्त पाण्याचे रेणु चार. हा युगावारालाइट मुंबईजवळ कांदिवलीच्या खाणींतही मिळाला आहे. एपिस्टिल्बाइटाचें घटकप्रमाणही जवळपास हेंच. विटा त्याच, पण घराचा नकाशा निरनिराळा. नुसत्या डोळ्यांना तो नकाशा दिसत नाहीं. त्यासाठीं क्ष-किरणांची परीक्षा लागते, आणि ती करण्याइतका संशय आधीं कोणाच्या तरी मनांत यावा लागतो.

हा संशय व्हर्जिनियांत आला. लाउडन परगण्यांत गूस क्रीक म्हणून ओढा आहे. त्याच्या नांवाच्या खाणींत सुमारें २० कोटी वर्षांपूर्वींचा काळा डायबेस खडक खडीसाठीं फोडीत असत. त्यांतील लहान स्फटिकांची परीक्षा डन, पीकॉर, न्यूबेरी व रॅमिक या चौघांनीं केली आणि १९८० सालीं हें खनिज नवें म्हणून जाहीर केलें. अणूंची पुरी मांडणी १९८६ सालीं राउस व पीकॉर यांनीं दाखवून दिली. नाशिकचे स्फटिक त्यांहून कितीतरी मोठे व देखणे. पण खनिजशास्त्राचा नियम सौंदर्य पाहत नाहीं. ज्यानें प्रथम मापून वर्णन केलें, नांव त्याचें. आम्हांस हा नियम योग्यच वाटतो.

याच्या उलट एक गोष्ट पुण्याची आहे. १८३१ सालीं हेन्री जेम्स ब्रूक या इंग्रज खनिजज्ञानें पुण्याकडून गेलेल्या सुईसारख्या स्फटिकांस ‘पूनाहलाइट’ असें नांव दिलें. नांव ग्रंथांतरीं शिरलें, पण पुढें पृथक्करणांत तें नवें खनिज नसून मेसोलाइटच आहे असें ठरलें, आणि तें यादींतून गळालें. पुण्याला नांव मिळालें पण खनिज टिकलें नाहीं. नाशिकजवळ खनिज आहे, नांव नाहीं.

बोचतें तें दुसरेंच. भोरघाटाची रेल्वे १८५६ ते १८६३ या वर्षांत झाली. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर त्या कामावर होते, आणि पटकीनें व अपघातांनीं त्यांतले हजारों मेले. त्यांच्या सुरुंगांनीं उघडलेल्या पोकळ्यांतले ॲपोफिलाइट व स्टिल्बाइट युरोपांतील संग्रहालयांत गेले आणि अजून तेथें मांडलेले आहेत. चिठ्ठीवर स्थळ आहे, ज्याच्या पहारीनें दगड फुटला त्याचा उल्लेख नाहीं. पुढें व्यापार वाढला तसें स्थळही पुसट होऊं लागलें. खान्देशचा असो कीं नगरचा, परदेशीं जाणाऱ्या दगडास ‘पुणें’ ही एकच चिठ्ठी पुष्कळदां लागली. नमुना कोणत्या खाणींतला, कोणत्या थरांतला, शेजारीं कोणतें खनिज होतें, हें एकदां हरवलें कीं स्फटिक दिवाणखान्याची शोभा म्हणून उरतो. शास्त्राला त्याचा उपयोग फारसा राहत नाहीं.

काम कोणींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे सुखेश्वाला यांनीं सहकाऱ्यांसह १९७४ सालीं पश्चिम भारतांतील झिओलाइटांचा व्यवस्थित अभ्यास प्रसिद्ध केला. सिन्नरला ‘गारगोटी’ हें खनिजांचें संग्रहालय आहे. नाशिकास जाणाऱ्यानें तें चुकवूं नये. तरी दख्खनच्या खनिजांवरील अलीकडच्या काळांतलें सर्वांत विस्तृत लिखाण बर्थोल्ड ऑटेन्स या जर्मन गृहस्थाचें आहे, आणि २००३ सालीं तें छापलें अमेरिकेंतल्या नियतकालिकानें.

पांडवलेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धनांतील त्रिरश्मि पर्वतावर आपण हें लेणें व पाण्याच्या पोढी करविल्या, असें त्यानें कोरवून ठेवलें. म्हणून सुमारें एकोणीसशें वर्षांनंतरही दगड कोठला, काम कोणाचें, हें आपणांस कळतें. त्याच डोंगराच्या आसपासच्या खाणींतून निघालेला स्फटिक विकतांना खाणीचें नांव, खोली व तारीख एवढें तरी कागदावर मांडण्यास खर्च कांहींच नाहीं. खडीच्या खाणी डोंगर संपेपर्यंतच चालतात, आणि फुटलेली पोकळी पुन्हां पाहतां येत नाहीं.